पंकजचा ढीग

“तिले काय कराचे जी जास्त पैसे? पोरीच्या जातीचा पगार म्हणजे पॉकेटमनी असते. पंकजले मात्र बरोबर द्या. त्याले उद्या घर चालवा लागन.”

हे काकाजी दिवाणजींना सांगत होते. मधली भिंत प्लायवुडची होती आणि छतापर्यंत पोचत नव्हती. तिच्या अलीकडे, सॅम्पलच्या खोलीत, मी दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये कापसाचा पुंजका धरून उभी होते. कापसाचा धागा किती लांब आहे हे बघायची ती रीत आहे. पुंजका ओढायचा, अर्धा टाकून द्यायचा, उरलेला पुन्हा ओढायचा. असं करता करता शेवटी बोटांत तंतूंची एक सरळ, चमकती पट्टी राहते. मी ओढत राहिले आणि पट्टी तुटली. पलीकडे दिवाणजींनी विचारलं, “मंग किती मांडू?” काकाजींनी आकडा सांगितला. तो माझ्या पगाराच्या दीडपट होता. पंकजला येऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि त्याला हे काम मी शिकवत होते.

कार्तिक सरत आला की वर्ध्याजवळच्या आमच्या नालवाडीहून निघणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. भरलेले टेम्पो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, एखादी बैलबंडी काट्यांना घासून जाते आणि प्रत्येक जण थोडा थोडा पांढरा ठेवून जातो. सकाळच्या उन्हात तुरीच्या शेतांवर पिवळं पसरलेलं असतं आणि हवेत सरकीचा तो वास येतो, तेलकट, थोडा गोड, घशात चिकटणारा. यंदाही तो आला. लोकांना अशा वासाने हुरहुर लागते म्हणतात. मला जे होतं त्याला हुरहुर म्हणता येणार नाही. तो राग आहे. ट्रंकेतल्या स्वेटरसारखा तो थंडी पडली की बाहेर येतो, आणि दर वर्षी पाहते तर अजून मापाचा होतो.

त्या हंगामात मी रोज पॅसेंजरने सिंदी रेल्वे या गावाला जात होते. गावाबाहेर एक जुनी जिनिंग होती. शेतकरी आणि व्यापारी कापूस आणत, तिथे सरकी वेगळी होई, रुईच्या गाठी बांधल्या जात. मी ग्रेडर होते. म्हणजे गाडी आली की कापूस बघायचा, ओल बघायची, प्रत सांगायची, आणि मग भाव ठरायचा. बी.एस्सी.नंतर नागपूरला मी त्याचा कोर्स केला होता. घरी कुणाला त्यात विशेष वाटलं नव्हतं. कापूस काय, आपल्याकडे सगळेच ओळखतात, असं आई म्हणाली होती.

जिनिंगचे मालक काकाजी माझे काका नव्हेत. नालवाडीत आमचं स्टेशनरीचं दुकान आहे, आणि बाबांच्या आणि त्यांच्या घराण्याचं जुनं येणंजाणं. ते स्वतः आमच्या घरी आले, सोफ्यावर बसले, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले. माझा पगार ठरला तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेरून बाबांचा आवाज आला, “तुम्ही द्याल ते. तुमचीच पोरगी आहे.” आणि काकाजी म्हणाले, “मंग काय तर. घरच्याच लेकराशी काय भाव कराचा.” मी ट्रे घेऊन बाहेर गेले तेव्हा सगळं झालेलं होतं. दोघे माझ्याकडे बघून हसले. मला पाहायला पाहुणे आले होते आणि पसंतीही होऊन गेली होती, असं काहीसं वाटलं. मीही हसले. माझ्या हसण्याचा मला आजही राग येतो, काकाजींच्या हसण्यापेक्षा जास्त.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मला अर्ज लिहायला शिकवलं, आभार मानायला शिकवलं, बोलणाऱ्याला न तोडता थांबायला शिकवलं. जिनिंगच्या आवारात यातलं काहीच चालत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी एका टेम्पोवाल्याला म्हणाले, “कृपया गाडी थोडी मागे घ्या.” हमाल पोती सोडून बघायला लागले. पुढचा आठवडाभर ते एकमेकांना सांगत होते, “कृपया बिडी दे बे.” “कृपया सरक ना तिकडं.” मी ऐकू न आल्यासारखं करत होते. ऐकू न आल्यासारखं करण्यात मी लहानपणापासून तरबेज आहे. त्याचा एक फायदा असतो. लोक आपल्यासमोर सगळं बोलतात.

आवारात माझ्याशी सरळ बोलायची ती एकटी कांताबाई. सहा बायांचं टोळकं होतं, त्यांची ती म्होरकी. नाकातोंडाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून या बाया दिवसभर कापसाच्या ढिगाशी बसत आणि त्यातली कवडी वेचत. कवडी म्हणजे बोंडातलाच किडका, पिवळा, चिकटून बसलेला कापूस. तो चांगल्यात गेला तर रुईचा रंग जातो. आधी या बायाच टोपल्यांनी कापूस यंत्राकडे वाहून नेत. मग काकाजींनी ओढून घेणारा पाइप बसवला. टोपल्या गेल्या, आणि पाइप धरायला एक गडी आला. त्याचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, बायांच्या रोजापेक्षा किती जास्त आहे हे सगळ्या आवाराला माहीत होतं.

“पाइप फार जड असतो का हो?” मी एकदा विचारलं.

“जड कायचा,” कांताबाई म्हणाली. “माहा नातूही उचलन. पण पाइपले बटन आहे ना, मॅडम. बटन आलं का गडी येते.”

बाकीच्या बाया हसल्या. हात थांबले नाहीत. कवडी वेचणारीचे हात हसताना थांबत नाहीत, हे मी तिथे पाहिलं.

संक्रांतीला काकाजींच्या बायकोने आवारातल्या बायांना हळदीकुंकवाला बोलावलं. मलाही. प्रत्येकीला वाण म्हणून स्टीलची वाटी मिळाली. परत येताना कांताबाई ती वाटी उन्हात फिरवून बघत म्हणाली, “वाटी त भेटली. आता तिच्यात काय टाकाचं ते कोणाले इचारावं, सांगा बरं.”

पंकज वाईट नव्हता. हे लिहायला मला आवडत नाही, पण नव्हता. वर्ध्याचा बी.कॉम. झालेला, काकाजींच्या कुणा ओळखीच्यांचा मुलगा. डब्यात वांग्याची भाजी असली की मला आधी वाढायचा. “मॅडम, हे कसं काय ओळखलं तुम्ही?” असं मोकळेपणाने विचारायचा. मी सांगायचे. ओल मीटरवर दिसते, पण मीटरच्या आधी बोटांना कळते. चांगला कापूस मुठीत दाबून सोडला की फुलतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळातून मूठ काढायची. गाडीचा वरचा थर नेहमीच चांगला असतो. तो चांगला असावा म्हणूनच वर असतो.

नेमकं तेवढंच त्याला जमत नव्हतं. कारण मला उशिरा कळलं. त्याला आवारात नाती लागली होती. कापूस आणणारे त्याला भाचे म्हणत, जावईबापू म्हणत, आणि तो त्यांना मामाजी. मामाजी ताडपत्रीचं एक टोक उचलून म्हणत, “इथून पाहा, बापू.” तो तिथूनच बघायचा. ज्याला मामाजी म्हटलं त्याच्यासमोर तळात हात घालायचा म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखं. मला कुणी नात्याने हाक मारत नव्हतं. मी मॅडम होते. मला तळात हात घालायला काही अडचण नव्हती.

मग असं झालं की काही गाड्या माझ्या बाजूची मोकळी जागा सोडून पंकजच्या रांगेत उभ्या राहायला लागल्या. सेलूकडच्या गावांतून कापूस गोळा करून आणणारा एक व्यापारी तर मी डबा खायला गेले की बरोबर तेव्हाच यायचा. हंगाम उतरणीला लागला होता. मुख्य वेचण्या संपल्यावर उभ्या ठेवलेल्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडांना, जो उशिराचा, आखूड धाग्याचा, किडीने डागळलेला कापूस येतो, त्याला आपल्याकडे फरदड म्हणतात. ती फरदड तळाला भरायची आणि वर पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र थर द्यायचा. पंकज वरून बघायचा, भाव सांगायचा, ट्रॉली रिकामी व्हायची.

आणि मग मी जायचे. कुणी सांगितलं नव्हतं. पंकजचा ढीग पडला की मी त्याच्या कडेने चालायचे, कुठे पिवळं दिसतं ते बघायचे आणि कांताबाईला हळूच म्हणायचे, “हा कोपरा बाजूला काढा.” बाया तो उपसून वेगळा ठेवायच्या. चांगला कापूस चांगल्यात जायचा. संध्याकाळी गादीपाशी काकाजी पंकजच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, “नजर आहे पोराची.” मी वही मिटून पॅसेंजर पकडायला निघायचे. तेव्हा मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, असंच वाटायचं. मुलींना हे फार लवकर वाटायला लागतं आणि फार वर्षं वाटत राहतं.

प्लायवुडच्या भिंतीपलीकडचं बोलणं ऐकलं त्या दिवशी मी काही ठरवलं नाही. घरी आले, जेवले. बाबांनी विचारलं, “कसं चाललंय?” मी “बरं” म्हणाले. त्यांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, पुढच्या वर्षी बघू, मी बोलतो. म्हणजे पुन्हा सोफा, पुन्हा चिवडा, आणि मी पुन्हा आत.

तिसऱ्या दिवशी तो सेलूकडचा व्यापारी दोन ट्रॉल्या घेऊन आला. पंकजने ताडपत्रीच्या टोकाखाली बघितलं, मामाजींच्या मुलाच्या लग्नाची चौकशी केली आणि चांगला भाव सांगितला. ट्रॉल्या उलट्या झाल्या. धूळ बसली. वरचं पांढरं खाली गेलं आणि तळ वर आला. पिवळे ठिपके, मेलेल्या पानांचा चुरा, आणि तो शिळा, मातकट वास. कांताबाईने एक मूठ उचलली, चोळली आणि माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, खाली फरदड भरली आहे यानं. बाजूले काढू?”

मी ढिगाकडे पाहिलं. पंकज तोवर दुसऱ्या गाडीकडे गेला होता, बाहीवरचे तंतू चिमटीने काढत.

“राहू द्या,” मी म्हणाले. “पंकजभाऊंनी पाहिलंय.”

कांताबाईच्या तोंडावरची पट्टी हलली. आत ती हसली असावी. “बरं,” म्हणाली आणि दुसऱ्या ढिगाकडे वळली. मी माठातलं पाणी प्यायले. ते पाणी मला अजून आठवतं. इतकं गार, इतकं गोड पाणी त्या आवारात मी आधी कधी प्यायले नव्हते.

सूड म्हटलं की लोकांना सुरा आठवतो. माझा सूड म्हणजे मी माझं काम केलं, आणि तेवढंच केलं. माझ्या गाड्या मी तळापर्यंत पाहिल्या, माझ्या ढिगातली कवडी शेवटच्या बोंडापर्यंत काढून घेतली. पंकजच्या ढिगाकडे मी फक्त बघत राहिले. आठ दिवस. पाइप घरघरत होता, पिवळं पांढऱ्यात मिसळून वर ओढलं जात होतं, आणि मला आत काहीतरी मोकळं होताना जाणवत होतं. त्या आठवड्यात मला भूक लागायची. झोप चांगली यायची. पॅसेंजरच्या खिडकीतून तुरीची शेतं इतकी सुंदर कधी दिसली नव्हती. चांगल्या मुलींना असं वाटायला नको, हे मला माहीत होतं. मला तसं वाटत होतं, आणि मी ते थांबवलं नाही.

पंकजची दया आली का? आली, एकदा. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही आजकाल बोलत नाई. काही चुकलं का माह्यं?” त्याचं काही चुकलं नव्हतं. दीडपट त्याने मागितलं नव्हतं, ते त्याला मिळालं होतं, उन्हाळ्यात सावली मिळावी तसं, तो तिथे उभा होता म्हणून. मी म्हणाले, “नाही, डोकं दुखतंय.” तो धावत जाऊन गोळी घेऊन आला. ती गोळी मी खाल्ली नाही. फेकलीही नाही. बरेच दिवस पर्समध्ये होती.

यंदा मी हिंगणघाटच्या बाजूला एका जिनिंगमध्ये आहे. तिथे बोलायला मी एकटी गेले. बाबा म्हणाले, मी येतो, चार गोष्टी बोलता येतील. मी म्हणाले, दुकान बघा तुम्ही. मालकांनी विचारलं, “किती अपेक्षा आहे?” मी आधी घरी आरशासमोर पाठ केलेला आकडा सांगितला. आवाज कापला, पण आकडा कापला नाही. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिथल्या दुसऱ्या ग्रेडरला, माझ्या बाबांच्या वयाच्या माणसाला, चहा घेताना विचारलं, “भाऊ, तुम्हाला किती मिळतात?” तो गडबडला. अशी गोष्ट आपल्याकडे विचारत नाहीत. वय विचारतात, जात विचारतात, लग्न का झालं नाही हे विचारतात, पगार विचारणं म्हणजे आगाऊपणा. पण त्याने सांगितलं. अनुभवाचे थोडे जास्त होते, तेवढेच. मी म्हणाले, ठीक आहे. तो म्हणाला, “ठीक आहे म्हणजे? तपासून पाहून राह्यली होती का तू?” मी म्हणाले, हो.

दिवाळीत काकाजींचा फोन आला होता. “बेटा, गेला का राग?” मी म्हणाले, “हो, काकाजी, केव्हाच.” मोठ्यांशी खोटं बोलू नये. पण काही खोटं मी आनंदाने बोलते.

तर सिंदीतला तो शेवटचा दिवस. गाठींचा एक अख्खा लॉट सूतगिरणीने उघडून पाहिला आणि नाकारला. रंग पिवळट, कचरा जास्त, धागा आखूड. सांगितलेल्या प्रतीत तो बसतच नव्हता. दुपारी काकाजी स्वतः आवारात आले. हंगामभर ते गादीवरून उठले नव्हते. चपलेखाली कापूस येत होता, तो ते झटकत होते. मी वाट पाहत होते की ते पंकजला हाक मारतील. आठ दिवस मी त्याच हाकेची वाट पाहिली होती. ती हाक कशी असेल, तो कसा बघेल, मी कुठे उभी असेन, हे सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं.

त्यांनी बायांना हाक मारली.

“कवडी काढाचा रोज देतो ना मी तुमाले? डोळे घरी ठेवून येता का?” सहाही जणी उठून उभ्या राहिल्या. “दिवाणजी, या बायायचा आठ दिवसांचा रोज कापा. मंग दिसन बरोबर.”

माझ्या हिशेबात हे नव्हतंच. मला वाटलं होतं, चूक ज्याची असते त्याच्याकडे जाते. ती तशी जात नाही. पाण्यासारखी ती उताराकडे जाते, आणि त्या आवारात सगळ्यांत खाली कोण बसत होतं हे तर मी रोज पाहत होते.

कांताबाईने मान खाली घातली होती. “मॅडमनं राहू द्या म्हटलं,” एवढं एक वाक्य ती बोलली असती तर सुटली असती. ती बोलली नाही. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. पंकज बूट बघत होता. त्याला आता कळत होतं, आणि त्याचा रंग उडाला होता. ते मला हवं होतं तेच होतं, आणि त्यात आता काही चव राहिली नव्हती.

मग काकाजी माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ झाला.

“बेटा, तू त इथंच होती. या बायायनं काम नाई केलं ते तुले दिसलं नाई का?”

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. नाही दिसलं, एवढंच म्हणायचं. नोकरी राहील, बाबांचं येणंजाणं राहील, पंकज वाचेल. सहा बायांचे आठ दिवस जातील. तोंडात आधी ते इंग्रजीच आलं, शाळेने दिलेलं, ‘आय अ‍ॅम सॉरी, अंकल’. ते मी गिळलं. हमाल बघत होते. पाइपवरच्या गड्याने बटन बंद केलं. आणि मग मी घरी आई-आत्या बोलतात त्या बोलीत बोलले. मोठ्याने. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

“दिसलं,” मी म्हणाले. “बायायचा काही दोष नाई. कांताबाईनं मले विचारलं होतं, मीच राहू द्या म्हटलं. आठ दिवस सारं पाहून राह्यली होती मी. पण त्या ढिगाकडं पाह्याचे पैसे तुम्ही पंकजले देता, काकाजी. मले नाई.”